उताऱ्यावरची तिघं

५ ऑक्टोबर २०२५

दादूस,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, आणि ई-मेल तू रेती-विटांच्या बिलांखेरीज उघडत नाहीस. म्हणून हे पत्र हेमा वहिनीला पाठवतेय. तिला सांगितलंय, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढ आणि तो जेवायला बसला की ताटाशेजारी ठेव. भरल्या ताटावरून उठलेलं बाबांना खपायचं नाही, त्यामुळे तू उठणार नाहीस. वहिनी, तू आधी वाचणारच आहेस, तर खुशाल वाच.

मी पोचले. नेदरलँड्समध्ये थंडी आहे, ब्रेड आहे आणि जिकडे बघावं तिकडे बांध आहेत. अख्खा देश आपल्या उघाडीसारख्या पाण्याच्या दारांवर चालतो. बाबा असते तर त्यांनी इथल्या इंजिनियरांच्याही दोन-चार चुका काढल्या असत्या.

विमानतळावर तू गाडीतून उतरलासही नाहीस. खिडकीतून पाकीट दिलंस, म्हणालास, 'वकिलातीत जाऊन सही-शिक्का कर नि पाठव', आणि गेलास. आत हक्कसोडीचा कागद. बाबांचं वर्षश्राद्ध झालं नाही तोच बहिणीचं नाव जमिनीतून काढायची एवढी घाई? मी तिथूनच फोन करून तुला चोर म्हटलं, खरं आहे. लोक वळून बघत होते इतक्या मोठ्याने म्हटलं. पण त्यावर ब्लॉक? चाळिशी आली तुझी.

ते जाऊ दे. मुद्दा वेगळाच आहे. खाडीकाठच्या आपल्या जमिनीत, आपल्या खारीत, तू काय करून ठेवलंयस?

इथल्या लॅबमध्ये वेगवेगळ्या देशांची मुलं आहेत, प्रत्येकाने आपापला किनारा घेतलाय. मी आपली खाडी घेतली, दिव्यापासून कल्याणपर्यंत. उपग्रह दर पाच दिवसांनी गावावरून जातो आणि माणसाच्या डोळ्याला न दिसणारा उजेडही टिपतो. त्या चित्रात जिवंत झाड आम्ही लाल रंगात दाखवतो. जितकं लाल, तितकं ठणठणीत. खाडीकाठची सगळी तिवरं लालभडक आहेत. फक्त आपल्या बांधाच्या आत, बरोबर आपल्या खारीत, लाल उतरून मातकट झालंय. त्याखाली पाणी साचलंय आणि ते ओहोटीलाही हलत नाही. म्हणजे उघाडीची फळी खाली आहे.

बांध नवा घातला तेव्हा सरकारी माणूस सगळ्या गावासमोर सांगून गेलेला. आत तिवरं आलीत, आता फळी कायम वर ठेवायची, भरतीचं पाणी आत-बाहेर खेळलं पाहिजे, नाहीतर झाडं गुदमरून मरतील. उघाडी बघायची पाळी यंदा आपल्या घराची आहे. आणि फळी वाऱ्याने पडत नाही.

तिवरं मेली की जमीन मोकळी. मोकळी जमीन कुणाला हवी आहे तेही मला माहीत आहे. माजिवड्याचा तो बिल्डर बाबांच्या तेराव्यालाच आपल्या ओटीवर चहा पीत बसलेला.

१९ नोव्हेंबरला इथे मोठी परिषद आहे. त्यात मी याच खाडीवर बोलणार आहे, तिवरं कुठे वाढली आणि कुठे मेली. आपल्याकडचे सरकारी अधिकारीही ऐकायला येणार आहेत. तिवरं मारणं गुन्हा आहे, दादूस, आणि तो जमिनीच्या मालकावर लागतो. सातबाराच्या उताऱ्यावर बाबांच्या मागे तीन नावं आहेत. आई, तू, मी. आईला पोलीस ठाण्यातल्या बाकड्यावर बसवायचंय का तुला?

फळी काढ. बाकीचं नंतर भांडू.

जागृती


१४ ऑक्टोबर

दादूस,

वहिनीचा मेसेज आला. 'वाचलं. काही बोलले नाहीत. भात दोनदा घेतला.'

शाब्बास! इकडे माझ्या घशाखाली घास उतरत नाही आणि तू भात दोनदा घेतोस.

मधल्या फेरीत ढग होते, सगळं पांढरं. आजचं चित्र मात्र स्वच्छ आलं. मातकट पट्टा वाढलाय. बाबा उघाडीवर बसायचे त्या कोपऱ्यापासून पार आतपर्यंत गेलाय. तिवराची मुळं चिखलातून नाकं वर काढून श्वास घेतात, ती पाण्याखाली बुडली की झाड उभ्या उभ्या मरतं. हे मी तुला काय सांगू? लहानपणी चिंबोऱ्या पकडताना त्याच मुळांनी तुझा तळपाय फाटलेला आणि बाबांनी हळद दाबून तुला खांद्यावर घरी आणलेलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर रिनी बसते. इंडोनेशियाची आहे. तिच्याकडे कोळंबीच्या तळ्यांसाठी तिवरं अशीच मारतात. तिने चित्र बघितलं आणि लगेच म्हणाली, "कोणीतरी दार बंद केलंय." मी म्हटलं, असेल. तिने विचारलं, कोणाची जमीन आहे? मी म्हटलं, माहीत नाही.

ऐकलंस? बापाच्या जमिनीला मी 'माहीत नाही' म्हटलं. तुझ्यामुळे.

देवयानी मॅडमना मी अजून काही दाखवलेलं नाही. त्या माझ्या गाइड, ठाण्यात बसून माझा प्रत्येक नकाशा तपासतात, पण हा माझ्यापाशीच ठेवलाय. म्हणजे तुला वेळ आहे. अजून उशीर झालेला नाही, पाणी खेळतं झालं तर बरीचशी झाडं परत पालवतील.

आणि एक. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिचे गुडघे, तिचं बीपी. बाबा गेल्यापासून ती गच्चीवर त्या कापलेल्या ड्रमांत भाताचे चार ठोंब लावते, चिमण्यांना घालते, त्यात तिचा जीव रमतो. तिला तिथेच राहू दे. तुझे धंदे तिच्या कानावर नकोत.

जागृती


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादूस,

इथे आज नुसता गुरुवार आहे. मी सकाळी निळा ड्रेस घातला, उगाचच. रिनी म्हणाली, आज काय आहे? तिला भाऊबीज समजावून सांगता सांगता मला रडू यायला लागलं, म्हणून मी कॉफी आणायला गेले.

तू बारावीनंतर टेम्पोवर बसलास आणि मी कॉलेजात गेले. हे मी विसरलेले नाही. बाबांच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा कोण घेऊन जायचं, हेही नाही. मी परीक्षा, सेमिनार, फिल्डवर्क म्हणत सुटायचे आणि तू कधी तोंड वाकडं केलं नाहीस. म्हणूनच मला हे झेपत नाहीये. तू दुसरा कुणी असतास तर पहिल्याच दिवशी मी तुझं नाव घेऊन मोकळी झाले असते.

आज सकाळी मी एक काम केलं. अभ्यासाची हद्द नकाशावर मीच आखते. माऊस धरला आणि आपली खार हद्दीबाहेर काढली. दोन मिनिटांचं काम. आता माझ्या नकाशात आपली जमीनच नाही. ना तिवरं, ना पाणी, ना गुन्हा. आकडे काय सुंदर आले म्हणून सांगू! ओवाळणी समज. उलट्या दिशेने दिलेली.

दुपारी रिनी माझ्या स्क्रीनकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "तुझ्या हद्दीला इथे कोणी चावा घेतलाय?" खरंच तसंच दिसतं, कोणीतरी भाकरीचा कोपरा तोडून खाल्ल्यासारखं. मी म्हटलं, तिथला डेटा खराब होता. ती "ओके" म्हणाली आणि जाऊन बसली. तिने परत माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मला फार लागलं.

मी तुला वाचवतेय, पण झाडं मरायची थांबलेली नाहीत. कापलं म्हणून काय झालं, मूळ चित्र मी रोज उघडून बघते. फळी काढ रे. मी हात जोडते. आज भाऊबीज आहे, मागायचा हक्क आहे माझा.

जागू


४ नोव्हेंबर

हितेश,

दादूस लिहायला आज हात होत नाही.

मी तुला खोटं सांगितलेलं. मॅडमकडे तो नकाशा आधीच होता. जमीन आपली आहे हे ओळखायच्या आत, पहिल्याच आठवड्यात मी तो पाठवून बसलेले. तुला म्हटलं नाही, कारण 'वेळ आहे' म्हटलं तर तू ऐकशील असं वाटलेलं. वेळ नव्हताच.

काल मॅडमनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून कॉल लावला. "जागृती, ही हद्द कोणी बदलली?" मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग सांगून टाकलं की जमीन आमची आहे.  मला वाटलं रागावतील. पण त्या हळूच म्हणाल्या, "मला तुझ्यासाठी वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण गावातल्या सगळ्यांची जमीन दाखवायची आणि आपली तेवढी झाकायची, हे मी माझ्या विद्यार्थ्याला करू देणार नाही. एक तर सगळं दाखव, नाहीतर भाषण मागे घे."

भाषण मागे घेतलं तर चार वर्षांचं काम गेलं. त्याचं मला काही वाटत नाही असं मी म्हणणार नाही. वाटतं. खूप वाटतं.

मी हद्द पूर्ववत केली. आपली खार परत नकाशात आहे, मातकट, सगळ्यांना दिसेल अशी.

आता नीट ऐक. परिषदेच्या आधीची शेवटची फेरी १८ तारखेला सकाळी आहे. त्या दिवसांत अमावस्येचं उधाण आहे, पाणी चांगलं चढेल. त्या चित्रात पाणी आत शिरलेलं दिसलं तर मी सांगेन, दार बंद झालेलं, आता उघडलंय, झाडं जगतील. नाही दिसलं तर जे आहे तेच दाखवेन. मग अधिकारी विचारतील ही जमीन कोणाची, आणि मी या वेळी 'माहीत नाही' म्हणणार नाही.

एक महिना तुझ्या हातापाया पडतेय आणि तू ढिम्म. एक शब्द नाही. बाबांनी उभं आयुष्य त्या बांधाची राखण केली. भर पावसात उठून उघाडीवर जायचे. त्यांच्याच जमिनीत तू एका टॉवरसाठी झाडं बुडवून मारतोयस. त्यांच्या पोटचा म्हणवून घेऊ नकोस.

जागृती


९ नोव्हेंबर

दादूस,

कुठून सुरुवात करू?

आज वहिनीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं वहिनी आहे. स्क्रीनवर आधी नुसतं कपाळ दिसलं, मग आई. गच्चीवर बसलेली, मागे ते ड्रम.

म्हणाली, "त्याला नको गो बोलूस. फली मी टाकली."

मला कळेचना. म्हटलं, आई, कसली फळी?

"उघारीची. दुसरी कसली? सरावनात टाकली. शेजारचे जगनला हाताशी घेतला, त्यानी फली टाकली, मी फटी बुजवल्या."

मी गुडघ्यांचं काहीतरी बडबडले. ती उखडली. "गुडगं गुडगं काय करतंस? बांधावर चालाला माझं गुडगं चालतात."

मी विचारलं, पण का?

तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच खुळी आहे. म्हणाली, "भात लावाला."

दादूस, माझ्या डोक्यात गेला महिनाभर बिल्डर होता, तू होतास, टॉवर होता. भात नव्हता. उघाडी बंद दिसली की झाडं मारायला बंद केली, एवढंच मला शिकवलंय आणि एवढंच मला दिसलं. आईला उघाडी म्हणजे खारं पाणी बाहेर ठेवायचं दार. तिने सगळं मला समजावून सांगितलं, मी परकी असल्यासारखं. दार बंद ठेवायचं, पावसाचं पाणी साचू द्यायचं, दोन पावसाळ्यांत मातीतला खारटपणा धुऊन जातो, मग लाल भात येतो. मोठ्या पुरात बांधाला खांड पडली आणि समुद्र आत आला, त्याआधी ती आणि बाबा तेच करायचे. बांध नवा झाला तेव्हापासून तिच्या मनात हेच होतं. बाबा होते तोवर ते नाही म्हणायचे, सरकारी माणसाला शब्द दिलाय म्हणून. बाबा गेले. यंदा पाळी आपली आली. तिने फळी टाकली.

आणि गच्चीवरचं भात चिमण्यांसाठी नाही. ते रातं आहे, खारीचं लाल भात. वीस वर्षं ती दर पावसाळ्यात ड्रमांत थोडं थोडं लावतेय, बी मरू नये म्हणून. बाबा असतानाही लावायची, मी कधी नीट बघितलंच नाही. मी त्याच गच्चीवर अभ्यास करायचे.

तुला गणपतीत कळलं म्हणे. बांधावर गेलास, फळी बघितलीस आणि तिला म्हणालास, उचलूया. ती रडली. मग तू गप्प झालास. माजिवड्यावाल्याला तर तू त्याआधीच नाही म्हणून सांगितलेलंस. हेही आईनेच सांगितलं. मी विचारलं, मग तो कागद? हक्कसोड?

"तुझं नाव निंघावं म्हनून. उद्या काय झालं तं पोरीचं शिक्शन वाया जाल, बोलला. तुला सांगू नको बोलला."

माझी सगळी पत्रं वहिनी आईला वाचून दाखवत होती. तू समोर जेवत असायचास. शेवटचं ऐकल्यावर तू ताटावरून उठलास. तिने हे सांगितलं तेव्हा मी फोन उलटा ठेवला आणि तोंडात ओढणी कोंबली.

का नाही सांगितलंस रे? एक ओळ लिहायचीस. 'मी नाही.' आईचं नाव घ्यायला नको होतं, नुसतं 'मी नाही' म्हणायचंस.

आणि आता बघ काय झालंय. तुला मी किती सहज लिहिलं, फळी काढ. आईला म्हणू शकले नाही. ती म्हणाली, "ये दोन वर्सांनी, नवीन तांदूल देते," आणि मी म्हटलं, हो.

फळी अजून खालीच आहे.

जागू


१७ नोव्हेंबर

दादूस,

वहिनी, हे आईसमोर वाचलंस तरी चालेल. लपवायचं आता काही उरलेलं नाही.

शनिवारी मी आईला शेवटी सांगितलं. सगळं. बुधवारी भाषण आहे, मोठ्या पडद्यावर आपली जमीन दिसणार, लोक विचारणार, केस होऊ शकते, तुझं नाव पहिलं आहे. म्हटलं, आई, फळी उचलू दे.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "झारां काय आमी लावली? ती समिंदरानी आनली. त्याचं दार लावलं तं गुन्हा. आमचे भातावर खारं पानी आलं, तवा कोनावर गुन्हा लिवला?"

  वीस वर्षांची चित्रं आहेत माझ्याकडे, खांड पडलेली दिसते, पाणी आत आलेलं दिसतं, झाडं वाढलेली दिसतात. आम्ही त्याला वाढ म्हणतो. हिशोबात ती चांगली गोष्ट आहे. आणि ती चांगली आहेच, दादूस. पुराचं पाणी डोंबिवलीत शिरायच्या आधी हीच झाडं अडवतात, मासळी तिथेच वाढते, हे खोटं नाही. पण त्या लाल रंगाखाली आईचं शेत गेलंय, हे माझ्या एकाही नकाशावर लिहिलेलं नाही.

मी तिला म्हटलं, पोलीस आले तर?

"येऊ दे. सांगन, भात लावत व्हते."

आईचं बरोबर आहे आणि झाडंही मरतायत.  गेल्या पत्रांत मी धमक्या दिल्या, त्या परत घेते. या वेळी विचारते. भाषण मागे घेऊ का? तू म्हणशील तसं करेन. मॅडमना मी सांगेन, त्या समजून घेतील, नाही घेतलं तरी चालेल. तुला ब्लॉक उठवायचा नसेल तर वहिनीला एक शब्द सांग, हो किंवा नाही.

उद्या सकाळी उपग्रह जाईल. 

जागू


२० नोव्हेंबर

दादूस,

परवा दिवसभर वहिनीचा मेसेज नाही. तिचा फोनही लागेना. चित्र उतरायला वेळ लागतो, तोवर मी रिनीच्या डोक्याला नुसता ताप दिला. शेवटी तिने माझ्या हातातून माऊस काढून घेतला आणि स्वतः उघडलं.

पाणी चित्रात काळं दिसतं. उघाडीपासून एक काळी रेघ आत गेलेली, पुढे तिला फाटे फुटलेले, पार त्या मातकट पट्ट्याच्या मधोमध. साचलेलं डबकं मोडलेलं. मी अशी किंचाळले की पलीकडच्या खोलीतले प्रोफेसर धावत आले.

मला वाटलं तू उघडलीस. संध्याकाळी वहिनीने खरं काय ते सांगितलं. आदल्या रात्री माझं पत्र तिने तुम्हा दोघांना वाचून दाखवलं, आणि पहाटेच्या ओहोटीला तू निघालास तर आई आधीच काठी घेऊन दारात उभी. बांधावर तू फळीला हात घातलास तर तिने तुला बाजूला केलं. "पाली आपले घराची हाय, नि घर अजून माझं हाय." तिने फटींतला चिखल हाताने काढला. फळी जड होती, तुला खाली फक्त खांदा लावू दिला. मग भरती लागेपर्यंत ती तिथेच बसून राहिली, पाणी आत शिरताना बघत. तू शेजारी. वहिनी म्हणते, रडली नाही. घरी येऊन मात्र जेवली नाही, आणि त्या दिवशी तूही जेवला नाहीस.

मला तिथे असायला हवं होतं. बाकी काही नाही, नुसतं तिच्या दुसऱ्या बाजूला बसायला.

काल भाषण झालं. मी आपली खार दाखवली. बंद दार, मरणारी झाडं, मग परवाचं चित्र, आत शिरलेलं पाणी. प्रश्नांच्या वेळी पुढच्या रांगेतले आपल्याकडचे एक अधिकारी उठले. त्यांनी विचारलं, "दार कोणी बंद केलं, याची काही माहिती आहे?"

मॅडम ठाण्याहून ऑनलाइन ऐकत होत्या. रिनी तिसऱ्या रांगेत होती. 

मी म्हटलं, "आम्ही. जमीन आमची आहे. उताऱ्यावर तीन नावं आहेत, त्यातलं एक माझं. आम्हीच बंद केलं आणि आम्हीच उघडलं."

 त्यांनी विचारलं, "का?" मी म्हटलं, "भात लावायला." आणि मग वेळ संपल्याची घंटी वाजली तरी मी बोलत राहिले. ही झाडं यायच्या आधी तिथे काय होतं, बांध फुटला तेव्हा वर्षानुवर्षं तो कोणी बुजवला नाही, ज्यांचं शेत गेलं त्यांचा आकडा माझ्याकडे नाही कारण तो कोणी काढलेलाच नाही. पुढचं काम मी त्यावर करणार आहे, हेही तिथेच बोलून बसले. मॅडमना न विचारता. त्यांचा नंतर मेसेज आला, 'परत आलीस की बोलू. नीट जेव.' त्याचा अर्थ चांगला की वाईट मला कळलेला नाही.

चहाच्या वेळी ते अधिकारी भेटले. वाईट माणूस नाही. म्हणाले, पंचनामा होईल, जबाब द्यावे लागतील. झाडं पालवली तर त्याचा विचार होईल, पण शब्द देता येणार नाही. मी त्यांना माझं नाव, तुझं नाव, आईचं नाव, सगळं लिहून दिलं. माझं सगळ्यात वर लिहिलं.

आईला म्हणावं, रातं टाकून देऊ नकोस. खारीत नाही लावता आलं तर अख्ख्या गच्चीवर लावू, मी ड्रम आणून देते. ती शिव्या देईल, देऊ दे.

हक्कसोडीचा कागद आज कुरियरने परत पाठवलाय, बिनसहीचा. तू माझं नाव का काढत होतास ते मला आता कळलंय, आणि तुला चोर म्हटलं त्याची लाज मला जन्मभर पुरेल. पण नाव काढायचं नाही. माझ्या वाट्याचं तुला काय द्यायचं ते ही केस मिटल्यावर देईन, एका पायावर देईन. तोवर ते तिथेच राहू दे. जबाबाला बसायचं तर तिघं एका बाकड्यावर बसू, आई मधे.

मी तिकीट बदलायला टाकलंय. पंचनाम्याची नोटीस आली की लगेच मला फोन कर. आणि त्यासाठी आधी मला अनब्लॉक कर.

तुझी जागू